अण्णाचा बाप

चैत लागला होता. बेळ्ळंदूरच्या तळ्याचं पाणी मागं सरून मधोमध गोळा झालं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर विटांची भट्टी होती. अवकाळी पाऊस दोन दिवस झोडपून गेला. वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा परत चिखल झाला. कडा गळाल्या, रांगा एकमेकींत मिसळल्या, आणि महिनाभर पाडलेला माल जमिनीला चिकटून बसला.

परसू त्या चिखलाकडं बघत उकिडवा बसला होता.

"बगून काय वीट उभी ऱ्हाणार हाय वो?" त्याची बायको तानूबाई म्हणाली. तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि फावड्यानं चिखल ओढायला सुरुवात केली.

ही माणसं खानापूरकडची. गेली काही वर्षं दिवाळी झाली की टोळीबरोबर बेंगळूरला यायची आणि पावसाळ्यापर्यंत भट्टीवर राबायची. दोन वर्षांपासून गावाकडं जाणंही सुटलं होतं. टोळीचा मुकादम मल्लाप्पा हुबळीकडचा. तो छत्री टेकत आला आणि चिखलाच्या कडेला थांबला.

"हेवढी भट्टी जाळायची आन् हितलं बंद," तो म्हणाला. "मालक म्हणतोय गाळ संपला. बसवजयंती झाली की होसूरच्या अंगाला जायचं. तितं मोठी भट्टी हाय. पोरगी बी हाताखाली घ्या आता. मोठी झाली की."

तानूबाईचं फावडं थांबलं. "गंगी साळंला जाती," ती म्हणाली.

"होसूरला कुठली साळा? रानात हाय भट्टी."

मल्लाप्पा गेला. तानूबाईनं फावडं परत चिखलात घातलं. तिची थोरली लेक ठकी मागच्या हंगामात ह्याच टोळीत होती. पेटलेल्या भट्टीवर राख पसरायला वर चढली आणि वरचा थर खचला. पाय मांडीपर्यंत आत गेला. इस्पितळात नेईपर्यंत ठकी शुद्धीवर होती, पाणी मागत होती. तेव्हापासून तानूबाईनं धाकट्या गंगव्वाला भट्टीच्या सावलीला येऊ दिलं नव्हतं.

गंगव्वा चौथीत होती. बेळ्ळंदूर गावातल्या कन्नड शाळेत जायची. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि तिला दोन्हीचं ओझं कधी वाटलं नाही. शाळेचे हेडमास्तर भीमाचार्य यांनीच सांगितलं होतं की शहरात मजुरांच्या मुलींसाठी एक वसतिगृह निघालंय. राहणं, जेवण, मॅट्रिकपर्यंत शिक्षण. फक्त एक परीक्षा द्यायची. पाठांतराची नव्हे, बुद्धीची. सगळ्या जिल्ह्याला प्रश्नांचा एकच कागद.

तानूबाईनं ती गोष्ट मनात घट्ट धरून ठेवली होती. होसूरचं नाव निघाल्यावर तर दुसरं काही उरलंच नाही.

परीक्षा झाली त्या दिवशी गंगव्वा पळतच आली. तानूबाई चिखल मळत होती, पिंढऱ्यांपर्यंत बुडालेली. परसू साचा धुवत होता.

"आक्का, समदं लिवलो," गंगव्वा म्हणाली. ती आईला आक्का म्हणायची आणि बापाला अण्णा. परसूचे धाकटे भाऊ त्याला अण्णा म्हणत, ते ऐकून पोरीही तसंच म्हणायला लागल्या होत्या.

"अवघड हुतं?"

"न्हाई. घड्याळ लावलं हुतं. शहरातनं एक मास्तर आलता, तो नुसता बगत बसला. एक सवाल आसा हुता. लारी, गाडव, बैलगाडी, मोटर. ह्यात येगळं कोण? मी मोटर लिवलो."

"का गं?" परसूनं विचारलं.

"बाकी समद्यावरनं विटा जात्यात. मोटरीत मालक बसतो."

परसू हसला. पाऊस पडून गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता. तानूबाई म्हणाली, "आनी काय इचारलं?"

"नात्याचं लई हुतं. ते तर सोपं. निन्न अण्णन तंदे निनगे एनागबेकु? अण्णाचा बाप तुजा कोण लागतो? मी आजा लिवलो."

"बराबर."

"आक्काचा नवरा कोण? बाप लिवलो."

"बराबर हाय की," तानूबाई म्हणाली. "मग काय ऱ्हायलं?" तिनं चिखलाचा हात झटकून पोरीच्या गालाला लावला. गालावर करडा पट्टा उमटला. गंगव्वानं तो पुसला नाही.

भट्टी रचून झाली. सरूची लाकडं आत गेली, विस्तव लागला. रात्रंदिवस धूर तळ्यावर पसरत राहिला. मग एका सकाळी शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. परसूनं तळ्यात पाय धुतले, पण वाटेत परत भरले. शाळेच्या पायरीशी तो थांबला. फरशी नुकतीच पुसलेली होती.

"बाहेरच थांबतो सायेब," तो म्हणाला.

भीमाचार्य खिडकीपाशी आले. कपाळावर काळी रेघ आणि लाल टिळा, माध्व ब्राह्मणांचं अंगारअक्षत, अंगात बंद गळ्याचा कोट. ते कन्नडमधून बोलत होते आणि परसूकडं न बघता बोलत होते.

"गंगव्वाचं नाव आलं नाही."

परसूला आधी समजलंच नाही. "म्हंजे पुढच्या टायमाला?"

"नाही. तिला खालच्या वर्गात टाकलंय. मंद, असा शेरा आहे."

"मंद म्हंजे?"

"बुद्धी कमी." भीमाचार्यांनी चष्मा काढला. "मलाही पटलं नाही. म्हणून मी परीक्षकाला विचारलं. बाकी बरंचसं ठीक आहे. नात्यांचा भाग मात्र अख्खा चुकलाय, आणि त्याच भागाला जास्त गुण. अण्णाचा बाप कोण, तर म्हणे आजोबा! अक्काचा नवरा कोण, तर म्हणे बाप! अरे, इतक्या मोठ्या मुलीला आपला बाप कोण तेवढं कळू नये?"

खिडकीखाली पोरं जमली होती. कुणीतरी खुदकन हसलं.

"पर बराबर हाय की सायेब," परसू चाचरत म्हणाला. "अण्णाचा बाप आजाच न्हवं?"

"अण्णा म्हणजे थोरला भाऊ. भावाचा बाप तो आपला बाप. अक्का म्हणजे थोरली बहीण. बहिणीचा नवरा तो भावजी."

"तिला थोरला भाऊ न्हाई. थोरली भैन मेली." परसूचा आवाज उतरला. "आमच्यात अण्णा म्हंजे मीच की. आन् आक्का तिची आई."

भीमाचार्यांचा हात चष्म्यावरच थांबला. दोन वर्षं ते तिला शिकवत होते. ते खिडकीखालच्या पोरांवर ओरडले, "जा, निघा इथून!"

पोरं पांगल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातात काही नाही. कागद ज्यांनी काढला ते शहरात असतात. बिंदुमाधवराव म्हणून, ट्रेनिंग कॉलेजात आहेत. बसवनगुडीत घर आहे. तुमच्याच भाषेतले आहेत. त्यांना भेटा."

परसू भट्टीवर पोचायच्या आधीच पोरांनी गोष्ट पोचवली होती. बाया विटा वाहत होत्या. मल्लाप्पा विडी ओढत ओंडक्यावर बसला होता.

"काय गा परसू," त्यानं हाळी दिली, "पोरीला बाप कोण त्येच म्हाईत न्हाई म्हणं? तिला कशाला इचारतोस? तानूबाईला इचार एकदा."

माणसं हसली. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. तानूबाई डोक्यावर विटा घेऊन चालत होती, ती तशीच चालत राहिली. परसूनं पटका उतरवून ठेवला. तो चिखलाच्या खड्ड्यात उतरला आणि पायांनी मळायला लागला. मळून झालेला चिखल तो परत परत तुडवत होता. मल्लाप्पा उठून गेला तरी तो थांबला नाही.

त्या दिवसापासून गंगव्वाला टोळीत सगळे खुळी म्हणायला लागले. रागानं नव्हे, सहज. खुळे, पाणी आण. खुळे, बाजूला हो. मंद हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नव्हता, म्हणून त्यांनी आपला शब्द घेतला.

गंगव्वा आधी भांडली. मग गप्प झाली. विचारलेल्याचं उत्तर द्यायला वेळ घ्यायला लागली, जणू प्रत्येक शब्द आधी आतल्या आत तपासून बघत होती. परसूनं विस्तव मागितला तर ती विचारात पडायची की विस्तव म्हणजे आपल्याला वाटतोय तोच का. तानूबाई ते बघत होती. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं पोरीला समोर बसवलं.

"ह्ये काय?"

"परात."

"आन् ह्यो?"

"अण्णा." एवढं बोलून गंगव्वा दचकली. तिनं बापाकडं बघितलं, आईकडं बघितलं. "न्हाई... बाप. अण्णा न्हाई. बाप."

परसू ताटावरनं उठून बाहेर गेला.

"आक्का," गंगव्वा म्हणाली, "मी खुळी हाय काय?"

तानूबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "न्हाईस," ती म्हणाली. पण म्हणायला तिला वेळ लागला, आणि तो वेळ पोरीनं बघितला. तव्यावरची भाकरी करपली तरी तानूबाईनं ती उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी मल्लाप्पाला न विचारता ती गंगव्वाला घेऊन निघाली. वर्तूरच्या रस्त्यावर बस मिळाली. भाजीच्या पाट्यांमध्ये दोघी उभ्यानंच शहरात आल्या, आणि विचारत विचारत बसवनगुडीत पोचल्या. रस्ते झाडलेले. दारोदारी रांगोळ्या. तानूबाई रांगोळी चुकवायला रस्त्याच्या मधून चालत होती, म्हणून सायकलवाले तिच्यावर ओरडत होते.

बिंदुमाधवरावांचं घर सापडलं. फाटकापाशी दोन वेण्यांची एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती. ती ह्या दोघींना बघून थांबली आणि आत तोंड करून ओरडली, "अण्णा! कोणी तरी आलेत!"

तानूबाईला वाटलं, आता पोरीचा भाऊ येईल. आतून धोतर नेसलेले, पिकल्या कल्ल्यांचे गृहस्थ बाहेर आले. मुलगी त्यांच्या धोतराला बिलगली. "अण्णा, ह्यांना तुम्हीच पाहिजे म्हणे."

तानूबाई त्या दोघांकडं बघत राहिली. बोलायचं म्हणून वाटभर घोकलेलं सगळं तिच्या डोक्यातून गेलं.

"काय पाहिजे? कोण सांगितलं तुम्हाला इथलं?" बिंदुमाधवरावांनी विचारलं.

"ती तुमास्नी अण्णा म्हणती?" तानूबाई म्हणाली.

"म्हणजे? सगळेच म्हणतात. का?"

"माजी बी तिच्या बापाला अण्णाच म्हणती." तानूबाईनं गंगव्वाला पुढं केलं. "तुमच्या परीक्षेत ही मंद निगाली. अण्णाचा बाप आजा लिवली म्हणून."

बिंदुमाधवराव आधी हसल्यासारखे झाले. मग त्यांचा हात मुलीच्या डोक्यावरून खाली आला. ते ओसरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. आतल्या दारात त्यांची बायको वसुमती येऊन थांबली होती. ती म्हणाली, "काय हो? तुम्हीच काढलेला कागद ना तो?"

"इंग्रजीतून घेतला," ते हळूच म्हणाले. "त्यात ब्रदर होतं. मी अण्णा घातलं. कन्नडात तेच बरोबर आहे." आणि थोडं थांबून, "घरातलं सुचलंच नाही मला."

त्यांनी दोघींना ओसरीवर बसवलं. स्वल्प थांबा म्हणाले आणि आतून कागद घेऊन आले. वसुमतीनं पितळेच्या पेल्यांतून कॉफी आणली आणि खाली ठेवून मागं सरकली. गंगव्वानं पेला उचलला नाही.

"भिऊ नकोस, मुली," बिंदुमाधवराव म्हणाले. "मी मराठीतून विचारतो. तुझ्या बापाचा बाप तुझा कोण?"

गंगव्वानं मान वर केली. तिनं आईकडं बघितलं.

"सांग की गं!" तानूबाईनं तिचा दंड दाबला. बोटं रुतली.

"आजा," गंगव्वा पुटपुटली.

"आईच्या बहिणीची मुलगी?"

"मावसभैन."

ते विचारत गेले. शब्द बदलून विचारत गेले. गंगव्वाचा आवाज हळूहळू मोठा झाला. एक चित्र होतं: टेबल, त्यावर पांढरी बशी, बशीच्या एका बाजूला सुरी. ह्यात काय नाही ते सांगायचं होतं.

"भाकरी न्हाई," गंगव्वा म्हणाली.

बिंदुमाधवरावांनी उत्तराच्या कागदाकडं बघितलं. तिथं जेवायचा काटा लिहिलेला होता. दारातून वसुमती म्हणाली, "सरीच, बरोबरच सांगितली की. रिकामी बशी दाखवली तर आणि काय सांगेल?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "सोमवारी वसतिगृहाच्या कमिटीची बैठक आहे. मी सांगतो त्यांना. पुढच्या आठवड्यात या."

परत जाताना बसमध्ये गंगव्वा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तानूबाई खिडकीतून बघत होती, पण तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. लेकीला लागणाऱ्या गोष्टी ती मनात जुळवत होती. एक पेटी. एक परकर. डोक्याला तेलाची बाटली.

तो आठवडा मल्लाप्पानं वसूल केला. न विचारता गेली म्हणून त्यानं तिला गरम भट्टी उघडायच्या कामाला लावलं. वरच्या विटा निवलेल्या असत, आतल्या धगधगत. तळहातांना फडकी गुंडाळून ती विटा काढत होती. राख डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले, भुवया जळून गेल्या. परसू म्हणाला, "मी उगडतो, तू हो बाजूला." ती बाजूला झाली नाही. टोळीतले अर्धे लोक होसूरला गेले होते. भट्टी रोज थोडी थोडी संपत होती.

ठरल्या दिवशी ती परत बसवनगुडीला गेली. गंगव्वाच्या केसांना तेल लावलं होतं. लुगड्याचं एक फडकं फाडून त्यात तिचा परकर आणि पाटी बांधून घेतली होती.

बिंदुमाधवराव ओसरीवर आले तेव्हा त्यांनी त्या गाठोड्याकडं बघितलं आणि नजर वळवली. तानूबाईला तिथंच कळलं.

"मी सांगितलं त्यांना," ते म्हणाले. "अध्यक्ष म्हणाले, हजारो मुलींना एकच कागद होता. एकीसाठी शब्द बदलला तर माप बिघडतं. मग प्रत्येक जातीच्या, प्रत्येक घराच्या बोलीत कागद काढायचा काय? असं म्हणाले."

"मग तुमी काय म्हणाला?"

त्यांनी उपरणं सारखं केलं. उड्या मारणारी त्यांची मुलगी थांबून ऐकत होती.

"मी बोललो," ते म्हणाले. "स्वल्पच बोललो. त्यांचं बरोबर नाही असं नाही बाई. माप सगळ्यांना सारखंच पाहिजे."

"ह्या पोरीला मोजलं कुठं तुमी?" तानूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ती पायरीवर बसली. "न्हाई सायेब. मी उठणार न्हाई. होसूरला भट्टी हाय. माजी एक भट्टीत गेली. हिला न्हेणार न्हाई मी. तुमी काय बी करा. मंद म्हणा, खुळी म्हणा. पर ठेवा कुठंतरी."

तिनं त्यांचे पाय धरायला हात पुढं केले. ते नुकतेच पूजा करून सोवळ्यात उठले होते, पटकन मागं सरले. तिचे हात फरशीवर पडले. भाजलेल्या तळव्यांवरची फडकी सुटली. वसुमतीनं ते तळवे बघितले. ती दारातून पुढं आली.

"असं करू या," ती म्हणाली. "मुलगी इथं राहू दे. मागच्या पडवीत जागा आहे. बाहेरची भांडी, अंगण, तेवढं करेल. कोपऱ्यावर शाळा आहे, तिथं घालते मी. माझा शब्द."

बिंदुमाधवरावांनी बायकोकडं बघितलं.

तानूबाई गंगव्वाकडं वळली. गंगव्वानं गाठोडं छातीशी धरलं होतं. तिला सगळं समजलं होतं, हे तानूबाईला दिसत होतं.

"आक्का, मी होसूरला येतो," गंगव्वा म्हणाली. "लांबनंच विटा दीन. वर चडणार न्हाई."

"ठकी बी आसंच म्हणालीती."

तानूबाईनं पोरीचा हात सोडवला. एकेक बोट सोडवावं लागलं. मग ती फाटकातून बाहेर पडली. मागून हाक आली, दुसऱ्यांदा आली. तिनं चालणं वाढवलं. रांगोळ्या चुकवायचं तिला ह्या वेळी सुचलं नाही. तिची पावलं त्यांच्यावरून गेली.

परसूनं तिला एकटीला येताना बघितलं. "घेतलं व्हय तिला?" त्यानं हसून विचारलं.

तिनं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचं तोंड काळं पडत गेलं.

"ज्यानं तिला खुळी ठरवली, त्येच्याच घरची भांडी घासायला ठेवलीस?"

"व्हय."

त्यानं हात उगारला. ती हलली नाही. जळलेल्या भुवयांखालचे तिचे डोळे त्याच्याकडं नुसते बघत राहिले. त्याचा हात तसाच खाली आला. पुढं होसूरला जाईपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही.

होसूरची भट्टी मोठी होती. जवळ तळं नव्हतं, विहिरीचं पाणी ओढायला लागायचं. पावसाळ्यात टोळी पत्र्याखाली माती मळत पडून राहिली. श्रावण सरला तसा परसू एका सकाळी उठला, डोक्याला पटका बांधला आणि म्हणाला, "पोरीला आणतो."

तानूबाईनं त्याला भाकरी बांधून दिली. जाऊ नका म्हणाली नाही.

बसवनगुडीच्या घरी वसुमतीनं सांगितलं, ती शाळेत गेली आहे. कोपऱ्यावर बैठी कौलारू शाळा होती. परसू खिडक्यांतून बघत गेला. चौथीत ती नव्हती. पाचवीतही नव्हती. शेवटच्या खोलीत दुसरीची बारकी पोरं पाढे म्हणत होती, आणि त्यांच्या मागं भिंतीला टेकून गंगव्वा बसली होती. बाकात तिचे गुडघे मावत नव्हते म्हणून जमिनीवर बसली होती. सगळ्यांबरोबर ती दोनाचा पाढा म्हणत होती. तोंड उघडून, मोठ्यानं.

मधल्या सुट्टीत ती बाहेर आली. उंच झाली होती. हात सोड्यानं पांढरे पडले होते.

"चल," परसू म्हणाला.

"कुठं?"

"घरला. भांडी घासायला न्हाई जन्म दिला तुला."

ती त्याच्याशेजारी कट्ट्यावर बसली. त्यानं भाकरी सोडली. तिनं तुकडा मोडला आणि खात राहिली.

"दुसरीत का बसवलीया?"

"त्या परीक्षेचा कागद आला हितं. मंद म्हणून. बाई म्हणाल्या, दुसरीत बस."

"आन् तू बसलीस? लाज न्हाई वाटत?"

"वाटती," गंगव्वा म्हणाली. "पोरं हसत्यात. एक पोरगं मला आज्जी म्हणतंय."

"मग चल की."

ती बराच वेळ चावत राहिली. "दसऱ्याच्या आदी बाई परीक्षा घेणार हाईत. मी इचारलो त्यांस्नी. पास झालो तर चौथीत घालतो म्हणाल्या."

"परत परीक्षा?"

"व्हय."

"भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं अण्णा. लई वाटतं. सवाल वाचला की हात कापतोय." तिनं हात पुढं धरून दाखवला. "पर मी आता आधी इचारतो. ह्या शबुदाचा तुमच्यात अर्थ काय, म्हणून. बाई वैतागत्यात. पर सांगत्यात."

परसूनं तो हात आपल्या हातात घेतला. विटांनी झिजलेला त्याचा अंगठा तिच्या सोडा लागलेल्या बोटांवरून फिरत राहिला. त्याला खूप बोलायचं होतं. घंटा झाली.

"आक्काला सांग," गंगव्वा उठत म्हणाली. मग काय सांगायचं ते तिला सुचेना. उरलेली भाकरी तिनं फडक्यात गुंडाळून परकराच्या घडीत खोचली आणि आत गेली. खोलीतल्या मुलांनी गलका केला. ती भिंतीपाशी जाऊन बसली.

परसू होसूरला पोचला तेव्हा दिवस कलला होता. लारी भरायचं काम चाललं होतं. ढिगापाशी तानूबाई डोक्यावर फळी ठेवून उभी होती. तिनं त्याच्या मागं रस्त्यावर बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"न्हाई आली?"

"न्हाई," तो म्हणाला. "दसऱ्यापतुर ऱ्हाती म्हणाली. परीक्षा हाय."

तानूबाईनं डोक्यावरची फळी सारखी केली. मल्लाप्पा लांबून ओरडला, अंधार व्हायच्या आत लारी भरायला पाहिजे म्हणाला. विटा चढवणारा गडी कामावर आला नव्हता. परसूनं पटका काढून खांद्यावर टाकला आणि ढिगातल्या विटा उचलून तिच्या डोक्यावरच्या फळीवर रचायला सुरुवात केली. रोजच्याएवढ्या रचून झाल्यावर तो थांबला.

"ठेवा आनी," ती म्हणाली.

"मान मोडंल."

"ठेवा."

त्यानं आणखी ठेवल्या. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, गुडघे क्षणभर वाकले. मग ते सरळ झाले, आणि ती लारीकडं चालायला लागली.